फ्रेंच शब्दांची फोड कशी करावी
मुंबईत अकरावीला फ्रेंच घेणारे बहुतेक विद्यार्थी रोमन लिपी इंग्रजीतून शिकलेले असतात, त्यामुळे फ्रेंच शब्दही ते इंग्रजीच्याच वळणाने वाचू लागतात. वास्तविक मराठी वृत्तांत अक्षरे मोजण्याची सवय येथे अधिक उपयोगी पडते, जरी एका ठिकाणी तीच आड येते.

प्रथम, लिहिलेले नव्हे तर ऐकू येणारे स्वर मोजावेत. चित्र या अर्थाच्या 'ताब्लो' या शब्दाच्या शेवटी ई, ए आणि यू असे तीन वर्ण असले तरी त्यांचा मिळून एकच 'ओ' होतो. शब्दाच्या अंती येणारा साधा 'ई' तर बहुधा मूकच असतो. जितके स्वर, तितकी अक्षरे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराला द्यावे: का-मा-राद. दोन असतील, तर सामान्यतः वाटून द्यावीत: पार-तीर, रेस-तो-राँ.

मात्र प, ब, त, द, क, ग, फ, व यांपुढे र किंवा ल आल्यास ('त्ल' आणि 'द्ल' वगळता) जोडी फोडू नये: ता-ब्लो, आ-व्रील. मराठी जीभ अडखळते ती येथे. 'पुत्र' म्हणताना जोडाक्षराचा भार मागच्या अक्षरावर पडून ते गुरू होते, पण त्याच सवयीने 'आव्-व्रील' म्हटले की उच्चार बिघडतो. अक्षर शक्यतो स्वरावर संपवण्याकडे फ्रेंचचा कल असल्यामुळे मला हा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अनुनासिक स्वरांत 'न' मिसळू नये. 'चांगला' या अर्थाचा 'बों' म्हणताना जीभ वर टेकत नाही. स्त्रीलिंगी 'बॉन'मध्ये मात्र स्वर अनुनासिक राहत नाही आणि न स्पष्ट उमटतो. घरी कोकणी बोलणाऱ्यांना हे फारसे शिकवावे लागत नाही.

सुटे शब्द जमले की वाक्यांश घ्यावेत. 'ले' या उपपदातला एरवी मूक असलेला एस पुढे स्वर आल्यावर 'रोज'मधल्या ज-सारखा ऐकू येतो आणि पुढच्या अक्षरात जातो, म्हणून 'ले' आणि 'आमी' मिळून ले-जा-मी असे म्हणावे. फ्रेंचमध्ये आघात वाक्यांशाच्या शेवटच्या अक्षरावर असतो. तेव्हा 'ले' आणि 'जा' सारख्याच लांबीचे ठेवून फक्त 'मी' किंचित लांबवावा.