प्रशिक्षण झालं, पण वर्गात फरक नाही? कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

गटसाधन केंद्रावरचं प्रशिक्षण आटोपतं, फोटो ग्रुपवर पडतात आणि सोमवारी वर्गातलं ते पोट्टं जसंच्या तसं गप्प असतं. बिनसतं कुठे?

फक्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बघणं. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ऐकण्याचा ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. ४५ डेसिबलचं मूल यात बसत नाही, पण मागच्या बाकावर त्याला अर्धंच वाक्य पोचतं. पावसाळ्यात कान वाहणारी मुलंही अशीच. त्यांना पुढे बसवा, आरोग्य केंद्रात पाठवा, आणि कानात तेल घालू नका हे घरी सांगा.

मशीन कानाला आहे म्हणजे ऐकू येतंय, असं धरून चालणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण धडा शिकवत असतो आणि सेल परवाच संपलेला असतो! परिपाठाआधी मशीन मुठीत धरून बघा. चालू असेल तर बहुतेक मशीन शिट्टी देतात. नाही दिली तर सेल बदला, साच्याच्या (मशीनचा कानात बसणारा भाग) भोकातला मळ आणि नळीतलं पाणी तपासा. नव्या सेलचं स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. कानात घातल्यावरही शिट्टी थांबत नसेल तर साचा नीट बसवा. तरीही वाजली तर बहुधा साचा सैल झालाय, कारण मुलाचा कान वाढतो. अशा वेळी आवाज कमी करणारे गुरुजी खूप आहेत. शिट्टी बंद होते, सोबत मुलाचं ऐकणंही.

एप्रिलचा घाम आणि जुलैची दमट हवा, दोन्ही मशीनचे वैरी. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डब्यात कसं ठेवायचं, ते आईला एकदा करून दाखवा.

लिंग टेस्ट (डॅनियल लिंग यांच्या नावाची, सहा आवाजांची ऐकण्याची चाचणी) वहीतच ठेवणं. आ, ऊ, ई, म, श, स. मुलाच्या मागे उभं राहून एकेक आवाज काढा, ऐकू आला की त्याने डब्यात चिंचोका टाकायचा. मधली वेळ बदलत राहा, नाहीतर पोरगं ठेक्यावरच चिंचोके टाकतं. काल ‘स’ ऐकणाऱ्याला आज येत नसेल तर आधी मशीन बघा, मग मुलाला बोला.

ओरडून बोलणं. आवाज फाटतो, ओठ वेडेवाकडे होतात. त्यापेक्षा जवळ जा. खिडकीकडे पाठ करू नका, चेहरा अंधारात जातो. टिनावर पाऊस कोसळत असेल तर सरळ फळा घ्या.

‘समजलं का?’ विचारणं. मान हलतेच. ‘काय करायचं ते सांग’ म्हणा.

‘आई बाजार गेली’ला आळस समजणं. ‘त’, ‘ला’, ‘ने’ हे हलके उच्चार कानापर्यंत पोचतच नाहीत. ते फळ्यावर रंगीत खडूने लिहा.

हात बांधून ठेवणं. खुणा केल्या की मूल बोलणार नाही, ही भीती सोडा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश मोबाइलवर बघता येतो. मात्र मराठी वाक्य बोलत प्रत्येक शब्दाला खूण लावत बसू नका. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे.

आणि विशेष शिक्षक व्हायचं असेल, तर फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम आणि ती संस्था भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत आहे का, ते बघा. परिषदेकडे तुमची नोंदणी नसेल तर पदविका दाखवूनही विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.