सरकार न होऊ देता वाडी कशी चालवायची

आमच्या वाडीत बावीस घरं आणि एक नळपाणी योजना. टाकीच्या व्हॉल्वची चावी पहिली चार वर्षं एकाच घरात होती. माणूस सज्जन. पण एप्रिलात पाणी आटलं की त्याच्या पडवीत बाया हात जोडून उभ्या राहायच्या. कुणी न नेमताच तो आमचं सरकार झाला होता. तेव्हा आधी चावी फिरती करा. आमच्याकडे दर अमावस्येला ती पुढच्या घरी जाते. वही दुसऱ्या घरी, पैसे तिसऱ्या.

मग हात वर करून मोजणं सोडा. हे मी मेंढा (लेखा) गावाकडून शिकले. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव म्हणतं, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. बहुमताने ठरलं की हरलेल्यांना ते पाळायला लावणारा कुणीतरी लागतो, आणि सरकारची सुरुवात तिथेच होते.

याला वेळ लागतो. पाण्याच्या नव्या वेळांना एक म्हातारी दोन सभा 'नाही' म्हणत राहिली. तिसऱ्या सभेत उलगडलं: तिचं घर चढावर, खालचे नळ सुटले की तिच्याकडे थेंब नाही. आता वरच्या आळीला आधी पाणी सुटतं. मतदान घेतलं असतं तर ती एकवीस विरुद्ध एक हरली असती.

जाणकार माणूसही हळूहळू मालक होतो. मेंढ्यात त्यासाठी अभ्यासगट वेगळा असतो. समजून घेणं तिथे, निर्णय ग्रामसभेत. आम्ही पंपाचं बिल आदल्या संध्याकाळी देवळात समजावून घेतो.

पाणीपट्टी थकली तर नळ तोडू नका, चौघं घरी जाऊन बसा. एका घराने वर्षभर दिली नाही. तरी तोडला नाही.

बाहेरचं सरकार मात्र आहेच, त्यामुळे कागद टाळू नका. मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो वनहक्क कायद्याने. आपला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यावर विकायला २०११ उजाडलं. ठराव सभेतच लिहा, मोठ्याने वाचा, मग सह्या. घरी नेऊन लिहिलेला ठराव आमच्याकडे एकदा बदलून आला होता.