क्लिप अडकते कुठे? नाटकातला व्हिडिओ आणि लॅपटॉपची रॅम

एकांकिका स्पर्धांचे दिवस आले की हमखास फोन येतो, "ताई, क्लिप दाबली की अडकते. लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणून टाकू का?" थांबा. आधी आहे त्या रॅममध्ये काय कोंबलंय ते बघू.

फाइल डिस्कवर केवढी दिसते, यावर जाऊ नका. ६००० बाय ४००० पिक्सेलचा जेपेग डिस्कवर पाच-सहा एमबीचा असेल, पण दाखवायचा म्हणजे पूर्ण उलगडावा लागतो. पिक्सेलला ४ बाइट धरले तर ९६ एमबी. गिरणगावातल्या चाळीचे असे पंधरा फोटो लावलेत की दीड जीबीच्या आसपास रॅम गेली. आणि समोर भाड्याचा प्रोजेक्टर १२८० बाय ८००चा! त्या मापात तोच फोटो ४ एमबीत बसतो. म्हणून प्रोजेक्टरवाल्याला मूळ रिझोल्यूशन आधीच विचारा आणि फोटो, क्लिपा सगळं त्या मापाचं करून घ्या. फुल एचडीच्या जवळजवळ निम्मेच पिक्सेल लागतात. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण मग ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा घेतं.

आता तालमीत टास्क मॅनेजर (मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर) उघडा ठेवून क्लिपा दाबा. रॅम मोकळी आहे आणि तरी अडकतंय? मग दोष बहुधा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचा. एच.२६४ या नेहमीच्या कोडेकमध्ये बऱ्याच फ्रेम आधीच्या फ्रेमच्या आधाराने बनतात. मधूनच उडी मारली की मशीन मागची की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) गाठून तिथून उलगडत येतं. घरी सिनेमा बघायला उत्तम, क्यूवर, म्हणजे नाटकातल्या ठरलेल्या क्षणी, दाबायला नाही. हॅप या दुसऱ्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडण्याचं मुख्य काम ग्राफिक्स कार्ड करतं. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने फुकटात बदलता येतं. फाइल मात्र फुगते, फुल एचडीत मिनिटाला एक जीबीच्या घरातही जाते, त्यामुळे ती एसएसडीवरच हवी. पेन ड्राइव्हवरून चालवायची नाही. सायक्लोरामावर (रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यावर) संध्याकाळचं आकाश असेल तर साध्या हॅपमध्ये रंगांचे पट्टे दिसतात, तिथे हॅप क्यू (Hap Q, हॅपचाच वरच्या दर्जाचा प्रकार) घ्या. फाइल आणखी मोठी होईल, होऊ दे.

रॅम खरंच भरत असेल तर बहुतेक वेळा कारण एकच: दाबलेल्या क्लिपा कोणी बंदच केलेल्या नसतात. पडदा काळा झाला म्हणजे क्लिप थांबली असं नाही. ओपॅसिटी (चित्राची अपारदर्शकता) शून्यावर नेली तरी ती मागे चालूच राहते, फ्रेमा उलगडत बसते. क्यूलॅब या मॅकवरच्या क्यू चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फेड क्यूला (क्लिप हळूहळू विझवणाऱ्या आज्ञेला), फेड संपल्यावर टार्गेट, म्हणजे ती क्लिप, थांबवण्याची खूण असते. ती प्रत्येक फेडवर तपासा, एकही सोडू नका.

आणि सगळं आधीच लोड करून ठेवायची हौस आवरा. चालू क्लिप आणि पुढची क्लिप, एवढं हाताशी पुरतं. समजा आई पत्र हातातून टाकते तेव्हा पडद्यावर पूर यायचा आहे. मग ती पाकीट फोडते त्या वाक्याला लोड क्यू (क्लिप आधीच तयार ठेवायची आज्ञा), पत्र सुटलं की गो, म्हणजे क्लिप सुरू. लोड क्यू नेहमी संवादावर टाका, ब्लॅकआउटमध्ये नको; तिथे तुमचे हात आधीच गुंतलेले असतात.

शेवटच्या तालमीत मध्ये कुठेही सॉफ्टवेअर बंद न करता पहिल्या क्यूपासून शेवटपर्यंत एकदा चालवा. टास्क मॅनेजरमधला रॅमचा आलेख प्रत्येक प्रवेशानंतर चढतोय आणि उतरत नाही, तर त्या प्रवेशातलं काहीतरी उघडं राहिलंय. तेवढा प्रवेश वेगळा काढून पुन्हा तपासा. दिग्दर्शक चहाला गेलेला असतानाच हे उरकावं, नाहीतर तो मध्येच क्यू बदलतो.

प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, क्रोम आणि व्हॉट्सॲप बंद, अपडेट थांबवलेले, चार्जर लावलेला. बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःहून मंद होतात. तिसऱ्या घंटेच्या आधी पहिली क्लिप लोड करा आणि मग लॅपटॉपला कोणालाही हात लावू देऊ नका, संगीतवाल्यालाही नाही.