विंडोजवरून मॅकवर जाताना जुन्या मराठी फाइली कशा न्याव्यात

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेकांनी जुना लॅपटॉप बदलायला काढला. त्यातले काही जण मॅककडे वळत आहेत. पत्रकार, वकील, शिक्षक, छापखानेवाले, दिवाळी अंकांचे संपादक अशा वर्षानुवर्षे मराठीत टाइप करत आलेल्या लोकांची मशीन मी बदलून देत असतो. 'माइग्रेशन असिस्टंट (जुन्या मशीनवरचं सगळं मॅकवर आणणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) चालवा, सगळं आपोआप येतं' हा सल्ला इंग्रजीत काम करणाऱ्यांना पुरतो. मराठी फाइलींच्या बाबतीत तो घातक आहे. नव्या मशीनचा खोका उघडण्याआधी जुन्या मशीनवर करायचं काम बरंच असतं.

सोपं आधी उरकू. सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डिस्क एक्सफॅटमध्ये (विंडोज आणि मॅक दोघांनाही चालणाऱ्या पद्धतीत) फॉरमॅट केलेली असावी, कारण एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून ती रिकामी आहे ना ते पाहून घ्या. फोटो, पीडीएफ, गाणी यांची चिंता नको, ती जशीच्या तशी चालतात. टॅलीसारखं फक्त विंडोजवर चालणारं काही रोज लागत असेल, तर मॅक घेण्याआधीच विचार करा.

आता खरा टप्पा.

तुमची फाइल खरंच मराठी आहे का?

वर्डची जुनी फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट एरियल करा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत आहे, ती फाइल बाजूला ठेवा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोळा दिसला, तर ती श्रीलिपी, आयएसएम, आकृती, कृतीदेव अशा जुन्या संचातली फाइल आहे. बदल जतन न करता ती बंद करा.

या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तुमचा अग्रलेख म्हणजे इंग्रजी अक्षरांची रांग असते, फॉन्ट तेवढा तिला मराठी रूप देतो. म्हणूनच 'फॉन्टची फाइल मॅकवर टाका, झालं काम' हा सल्ला ऐकला की माझा जीव तुटतो. फॉन्ट टाकल्यावर मजकूर दिसेल, छापताही येईल. पण टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं असल्यामुळे त्यात एक ओळ वाढवता येणार नाही. शोधून सापडणार नाही, मेलमध्ये चिकटवला की कचरा होईल. शिवाय अशा फॉन्टात मोडतोड झालेली अक्षरं मला मॅकवर अनेकदा दिसली आहेत.

अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर जुन्या मशीनवरच करा. यात तडजोड नाही. श्रीलिपी किंवा आयएसएमची तुमची प्रत तिथे बसवलेली आहे, तिचं यूएसबी लॉक (जे जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) तिथे चालतं आणि मूळ मजकूर योग्य दिसतो असं तेच एक मशीन आहे. 'नंतर मॅकमध्ये आभासी विंडोज बसवून करू' असं म्हणू नका. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणारं विंडोज एआरएम प्रकारचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं असतं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या लॉकचा ड्रायव्हर त्यावर चालेल याचा भरवसा धरता येत नाही.

मी हे असं करतो.

प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची आधी पीडीएफ काढतो. ताळा करायला मूळ रूप समोर हवं. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींना हे दुप्पट लागू. त्याची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि आजच्या मॅकवर ती उघडणार नाही. त्यातला मजकूर जुन्या मशीनवरच एक्स्पोर्ट करून घ्या.

मग फाइलमध्ये किती फॉन्ट आहेत ते बघतो. मराठी मजकुरात मध्येच इंग्रजी नाव, ईमेल पत्ता असतो. सगळं एकगठ्ठा कन्व्हर्टरमध्ये (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घातलं तर इंग्रजी शब्दांचंही अगम्य मराठी होतं. वर्डच्या ॲडव्हान्स्ड फाइंडमध्ये शोधायची चौकट रिकामी ठेवा, फॉरमॅटमध्ये जुना फॉन्ट निवडा आणि 'फाइंड इन' मधून मुख्य मजकूर घ्या. त्या फॉन्टातलं सगळं एकदम निवडलं जाईल. त्याला लाल रंग द्या. लाल तेवढं रूपांतरित करायचं, काळ्याला हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये आकड्यांचे रकाने तर कन्व्हर्टरजवळही नेऊ नका. आकडे देवनागरी होऊन बसतात आणि बेरजा बंद पडतात.

कन्व्हर्टर ज्या संचाचा फॉन्ट त्याच संचाचा घ्या. दोन संचांत एकाच इंग्रजी अक्षरामागे वेगळे तुकडे असतात, आणि एकाच संचाच्या वेगवेगळ्या पिढ्यांतही फरक असतो. इंटरनेटवरचा कन्व्हर्टर वापरायचा असेल तर पान उघडल्यावर वायफाय बंद करून बघा. तरीही रूपांतर होत असेल तर काम तुमच्याच मशीनवर चाललं आहे. काम संपलं की आधी पान बंद करा, मग वायफाय सुरू करा. वायफाय बंद केल्यावर तो थांबत असेल, तर अशिलाची कागदपत्रं किंवा कुणाचं अप्रकाशित हस्तलिखित तिथे चिकटवू नका.

एकही मोठी फाइल घालण्याआधी चाचणीचा परिच्छेद करा. जुन्या फॉन्टात हे शब्द टाइप करा: कर्मचाऱ्यांनी, आचार्यांना, आचाऱ्यांना, स्थिती, निश्चित, वर्षांपूर्वी, ज्ञानेश्वर, उद्घाटन, ॲड., ऑफिस. मग रूपांतर करून एकेक अक्षर वाचा. चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते, त्यामुळे जोडाक्षरावर ती भलत्या ठिकाणी बसते. रफाराचाही क्रम असाच बदलतो, फक्त उलट दिशेने. ऱ्य चा र्य झाला तर आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांच्या नावावर जातात, आणि स्पेलचेकर गप्प बसतो कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. हे डोळ्यांनीच पकडावं लागतं.

ॲ आणि ऑ तर नजरेलाही फसवतात. कन्व्हर्टर बहुधा अ किंवा आ ला वेगळी चंद्रकोर जोडून मोकळा होतो. पडद्यावर ठीक दिसतं, पण ऑफिस शोधलं की सापडत नाही. फाइंड-रिप्लेसमध्ये 'आॅ' च्या जागी 'ऑ' आणि 'अॅ' च्या जागी 'ॲ' घाला. प्रत्येक फाइलवर, न चुकता.

हे कंटाळवाणं आहे, मान्य. सगळ्या फाइलींना करू नका. जी पुन्हा संपादित करायची किंवा शोधायची आहे ती बदला, बाकीच्यांची पीडीएफ पुरे. मूळ फाइल मात्र कधीच पुसू नका, ती वेगळ्या फोल्डरमध्ये फॉन्टच्या नावासकट ठेवा.

मॅकवर आल्यावर

आता माइग्रेशन असिस्टंट खुशाल चालवा किंवा डिस्कवरून फाइली ओढा.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस, त्यात मराठी. 'देवनागरी' हा इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डासारखा आहे, 'देवनागरी क्वर्टी' उच्चारानुसार. माझं मत ठाम आहे: इनस्क्रिप्ट शिका. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे तो मिळतो, पुढचं मशीन बदलताना बोटांना नवं काही शिकवावं लागत नाही. ऱ्य साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. कंट्रोलऐवजी कमांड वापरायची सवय आपोआप लागते, त्यावर लेख वाचत बसू नका.

विंडोजच्या मंगल या देवनागरी फॉन्टवर बेतलेली पानं मॅकवर हलू शकतात. कोहिनूर देवनागरी मॅकमध्ये असतोच. पुस्तकी मजकुराला मराठी वळणाचा पाकळीचा ल हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी मोफत मिळतो.

जुना लॅपटॉप लगेच विकू नका. एखादी राहून गेलेली फाइल महिन्या-दोन महिन्यांनी हमखास लागते, आणि ती उघडणारं मशीन तेच असतं. रूपांतरित फाइलींची टाइम मशीनवर (मॅकच्या बॅकअपच्या सोयीत) एक प्रत झाली, मूळ फाइलींची वेगळ्या डिस्कवर दुसरी झाली, की मगच तो पुसा.