हाक आली तरी चित्र थांबत नाही

यांना पक्षाघात झाल्यापासून माझी चित्रकला सुटलीच होती. सलग तासभर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी माध्यमच बदललं. तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात, शिवाय टर्पेंटाइनचा वास आजारी माणसाच्या खोलीत नकोच. अ‍ॅक्रिलिक पॅलेटवर सुकलं की वाया. जलरंगाची वडी मात्र सुकली तरी ओल्या ब्रशने पुन्हा विरघळते. हाक आली की अर्ध्यात उठता येतं. दांड्यात पाणी भरायचा ब्रश घेतला, म्हणजे अंथरुणाजवळ सांडायची भीती नाही. डबी आणि पोस्टकार्डाएवढे कागद औषधांशेजारीच असतात. हे झोपले की आधी घरकाम उरकायचं, ही सवय मोडणं सगळ्यात अवघड गेलं. आठवड्यातून एक दुपार नणंद यांच्याजवळ बसते, तेव्हा मोठा कागद काढते.