स्मृतिभ्रंशाच्या जागृतीसाठी आणि लवकर निदानासाठी शासकीय निधी कसा मागावा

गावातील ज्येष्ठ नागरिक संघ स्मृतिभ्रंशाच्या (डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती व समज हळूहळू कमी होत जाण्याचा आजार) कामासाठी शासनाकडे पैसे मागायला निघतो, तेव्हा अर्जाच्या विषयातच ‘स्मृतिभ्रंश योजनेतून अनुदान मिळणेबाबत’ असे लिहितो आणि मग तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. त्या नावाचे लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील खर्चाचे सदर) शोधत बसण्यापेक्षा वृद्धांचे आरोग्य, मानसिक आरोग्य आणि गावपातळीवरील अबंधित निधी (ठरावीक कामाशी न बांधलेला, स्थानिक गरजेनुसार खर्चता येणारा पैसा) ही जी शीर्षे आधीच चालू आहेत, त्यांपैकी एकात आपले काम बसवून मागणी करणे अधिक फलदायी ठरते.

मागणीला आकड्यांचा आधार हवा. साठीपुढील व्यक्तींच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा आहे की, भारतात या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचे प्रमाण ग्रामीण भागात व स्त्रियांमध्ये अधिक आहे. हे प्रमाण आपल्या गावाला लावून पाहावे: साठीपुढचे ३०० जण असतील तर सुमारे २२ जणांना हा आजार असण्याची शक्यता धरून नियोजन करावे लागेल. मग उपकेंद्रात जाऊन, त्यांपैकी किती जणांची नोंद आहे, हे विचारावे. आशा ताई घरोघरी भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये (आजारांचा धोका ओळखण्यासाठीच्या प्रश्नावलीत) वृद्धांसाठी ‘जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?’ या अर्थाचा प्रश्न असतो. त्याला ‘होय’ असे उत्तर आलेल्यांची संख्या, नावे न घेता, प्रस्तावात द्यावी. यंत्रणेच्याच कागदावर असलेली ही संख्या अधिकाऱ्यांना सहसा नाकारता येत नाही आणि ती शून्य निघाली, तर आशांच्या प्रशिक्षणाची गरज आपोआप सिद्ध होते.

खर्च लहान असेल तर फार वर जाण्याची गरज नाही. गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला साधारण १० हजार रुपयांच्या घरात अबंधित निधी मिळतो. एखादी सभा, भित्तिपत्रके आणि ज्येष्ठांना तपासणीला नेण्या-आणण्याचे भाडे त्यातून भागवण्याचा ठराव मांडता येतो. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या (उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे नवे नाव) जनआरोग्य समितीकडेही असाच निधी असतो. उपकेंद्राच्या पातळीवर सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य-सचिव, त्यामुळे बैठकीपूर्वी या दोघांशी बोलून विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणून ठेवावा. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी २ ऑक्टोबरपासून ज्या ग्रामसभा होतात, त्यांत सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह ठराव नोंदवून घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबून घरी परतू नये.

प्रशिक्षण, तज्ज्ञांची तपासणी किंवा संपूर्ण तालुक्याचा कार्यक्रम असेल, तर मागणी जिल्ह्यापर्यंत न्यावी लागते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी बाह्यरुग्ण सेवा आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष अपेक्षित आहे, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ व जनजागृती या दोन्हींची तरतूद असते. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांनाही पत्र द्यावे, कारण रुग्णालय एकाकडे आणि गावे दुसऱ्याकडे अशी ही विभागणी आहे. त्याची प्रत जिल्हा नियोजन समितीला द्यावी. महापालिका क्षेत्रात हेच पत्र आरोग्य विभागाला, अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी पोहोचले पाहिजे.

प्रस्तावाचा खरा कस लागतो तो निदानाच्या भागात. केवळ जागृतीसाठी मागितलेला निधी फलक, हारतुरे आणि २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाचे (अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) छायाचित्र यांवर संपतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विसरण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या घराला फलकाचा उपयोग थोडाच होतो. संशय आल्यावर कोठे, कोणत्या वारी, कोणाकडे जायचे हे त्याला कळावे लागते. म्हणून प्रस्तावात आशांची प्राथमिक चौकशी, वैद्यकीय अधिकाऱ्यांची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयाची ठरलेली वेळ अशी साखळी लिहून, प्रत्येक टप्प्याचा खर्च वेगळा दाखवावा. थायरॉइड व बी-१२ च्या रक्तचाचण्या आणि श्रवणतपासणी त्यात आवर्जून घ्यावी, कारण नैराश्य, बहिरेपणा किंवा बी-१२ ची कमतरता यांमुळेही माणूस विसरभोळा दिसतो आणि यांवर उपचार होऊ शकतात.

चाचणी कोणती वापरणार, हेही स्पष्ट लिहावे. वाचायला, लिहायला आणि आकृती काढायला लावणाऱ्या चाचण्यांत शाळेत न गेलेली व्यक्ती विनाकारण नापास होते. हीच अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी घडवण्यात आली होती. एकादशी-चतुर्थी आणि बाजाराचा वार यांवर दिवस मोजणाऱ्या आजीला इंग्रजी तारीख सांगता आली नाही, तर तो आजाराचा पुरावा धरता येत नाही. प्राथमिक चौकशीत संशय आला म्हणजे निदान झाले असे नव्हे, हे वाक्य प्रस्तावात ठळक अक्षरांत असावे आणि यादी गावात जाहीर होणार नाही, अशी हमीही असावी. निदान झालेल्या कुटुंबाला देण्याच्या पत्रकावर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे दोन्ही मोफत क्रमांक छापण्याचा खर्चही त्यातच धरावा.

अर्ज देताना आवक क्रमांक घ्यावा, महिन्याभराने त्याच क्रमांकाचा उल्लेख करून लेखी विचारणा करावी आणि निधी अपुरा असल्याचे उत्तर आले, तर तेही लेखी मागावे. पुढील वर्षाच्या मागणीला ते जोडता येते. मंजूर रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्ची पडून तिचे उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) सादर व्हावे लागते, म्हणून शिबिर फेब्रुवारीपर्यंत आटोपावे. त्या प्रमाणपत्रासोबत सभेला आलेल्यांचा आकडा जोडण्याऐवजी किती जण तपासले, किती पुढे पाठवले आणि त्यांपैकी किती खरोखर रुग्णालयात पोहोचले, हे तीन आकडे जोडावेत.