सराफ्यात सोने घेताना हॉलमार्क कसा तपासावा

इंदूरच्या सराफ्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या पेढीवर पक्की पावती मागणे अनेक मराठी घरांना संकोचाचे वाटते. हा संकोच सोडावा, असे मला मनापासून वाटते.

दागिना हाती आल्यावर भिंग मागून घ्यावे आणि त्यावर हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्याच्या, तीन खुणा शोधाव्यात: भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०) आणि अक्षरे व अंक मिळून होणारा सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. तो तिथेच, पैसे देण्यापूर्वी, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकावा. शुद्धता, हॉलमार्किंगची तारीख आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हातात पाटली असून ॲपवर अंगठी दिसली, तर तो दागिना, ओळख कितीही जुनी असली तरी, घेऊ नये.

दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून छोटी नथ किंवा मंगळसूत्राच्या हलक्या वाट्या घेताना पावतीवर शुद्धता आवर्जून लिहून घ्यावी. घडणावळ वेगळी दाखवलेली असावी आणि खड्यामोत्यांचे वजन सोन्याच्या भावात धरलेले नसावे.